शेवटच्या थंडीची तारीख

पंचवटी, नाशिक
१२ जानेवारी

प्रिय स्नेहल,

अनेक आशीर्वाद. तुझा परवा फोन येऊन गेला. पण फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं मी मनानेच भरून काढते, त्यामुळे आपली पत्रांची पद्धतच बरी. तुझा महेश टोमॅटो घेऊन दिंडोरीहून आमच्या मार्केटला येतोच, त्याच्या हाती पत्र देत जा. मला शाळेतून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली आणि तुला शाळा सोडून वीस, तरी तू मला ‘बाई’ म्हणतेस आणि मी अजून तुझ्या वेलांट्या तपासते. चालायचंच.

कामाचं लिहिते. आमच्या परसबाग मंडळाला मखमलाबाद रस्त्याच्या खाली, नदीकडच्या अंगाला एक तुकडा वापरायला मिळाला आहे. आम्ही बावीस बायका मिळून तिथे उन्हाळी भाजी लावणार. तुझ्याकडे सांगितलेली चारशे रोपं, म्हणजे दोडका, दुधी, काकडी आणि टोमॅटो, एकवीसला मिळाली पाहिजेत. बावीस जानेवारीला लागवड.

बावीसच का, असं तू विचारणार नाहीस, पण मी सांगणार. आमच्या गच्चीवर माझा थर्मामीटर आहे हे तुला माहीत आहे. बारा वर्षं रोज सकाळी मी त्यावरचा आकडा वहीत लिहिते आहे. या बारा वर्षांत बावीस जानेवारीनंतर पारा एकदाही आठच्या खाली गेलेला नाही. मंडळात मी ही तारीख जाहीर केली तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या. आमचे ढुंढिराज म्हणाले, “म्हणजे तूही मुहूर्त द्यायला लागलीस.” यांचा जन्म पौरोहित्यात गेला, यांना सगळीकडे मुहूर्तच दिसणार. मी म्हटलं, तुमच्या मुहूर्ताला ग्रह लागतात, माझ्या मुहूर्ताला पारा पुरतो.

रोपं चांगली दे. मंडळातली उज्वला मुख्याध्यापिका आहे. सहा शाळांच्या परसबागांची रोपं जूनमध्ये तुझ्याकडूनच घ्यायची असं तिच्या मनात आहे. मी तुझं नाव सुचवलंय.

तुझी,
शैलाबाई


दिंडोरी
२० जानेवारी

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार. उद्या सकाळी महेश रोपं घेऊन येतील. गेले आठ दिवस मी त्यांचं पाणी कमी केलंय आणि ट्रे रोज शेडनेटच्या बाहेर उन्हावाऱ्यात ठेवलेत, म्हणजे ती तुमच्याकडे आल्यावर मान टाकणार नाहीत. खोडं चांगली जाड झाली आहेत. तुम्हाला आवडतील.

एक गोष्ट मात्र भीत भीत लिहिते. माझ्या सासऱ्यांना, पुंजाआबांना, तुमची तारीख सांगितली. ते द्राक्षाच्या बागेतून येऊन ओट्यावर बसले होते. म्हणाले, “तारीख बाईंची आसंल, पन गारठा काय शाळंत शिकला नाय. वारा पडला आन आभाळ निवळ आसलं, का गारठा पान्यावानी उताराला जातो आन खालच्या जागंत साचतो. नदीकडची जागा हाय ना ती? शिवरात झाल्याबिगर खालच्या रानात मी वेल लावत नाय.”

त्यांचं म्हणणं मी वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ट्रेच्या वर ठेवलंय. ती मंडळात सगळ्यांना वाचून दाखवाल का? ठरवायचं तुम्हीच सगळ्यांनी. थांबायचं ठरलं तर ट्रे भिंतीच्या उबेला ठेवा आणि संध्याकाळी गोणपाट टाका. थांबून रोपं लांबली तर मी बदलून देईन, त्याची काळजी नको.

बाई, ही रोपवाटिका माझी आहे. घरच्यांची द्राक्षं आहेत, आणि त्यातला कोपरा मी मागून घेतलाय. महेश म्हणतात, पाडव्यापर्यंत जम बसला तर ठीक, नाहीतर नेट उतरवून तिथेही द्राक्षं लावू. ते वाईट नाहीत, पण त्यांना हा माझा खेळ वाटतो. म्हणून शाळांचं काम मिळालं तर फार बरं होईल.

आणि एक गंमत. आठवीत हरभऱ्याला मोड आणायच्या प्रयोगात मी रविवारचा आकडा घरी न बघताच वहीत लिहिला होता. तुम्ही तो बरोबर पकडला आणि वर्गासमोर उभं करून माझ्याकडून म्हणवून घेतलं, “मी न बघता लिहिलं.” तुम्हाला आठवत नसेल. मला मात्र रोज सकाळी नेटमध्ये शिरताना आठवतं, आणि ट्रे स्वतः बघितल्याशिवाय वहीत काही लिहिलं जात नाही.

तुमची,
स्नेहल


पंचवटी
२६ जानेवारी

प्रिय स्नेहल,

रोपं बघून बायका हरखल्या. लागवड ठरल्याप्रमाणे बावीसलाच झाली. उज्वला साडी खोचून स्वतः चिखलात उतरली होती. काकडीच्या ओळी तर इतक्या सरळ आल्या की मी पट्टी धरून आखल्या असत्या तरी अशा झाल्या नसत्या. फोटो मनालीने काढलेत, ती आमच्यातली सर्वांत लहान. महेशकडे पाठवायला सांगते.

तुझी चिठ्ठी मिळाली. आबांना माझा नमस्कार सांग. जुन्या माणसांचा अनुभव मोठा असतो. ऊन आता चांगलं तापायला लागलंय, दुपारी गच्चीवर पाय ठेववत नाही. एकूण सगळं छान चाललं आहे.

तुझी,
शैलाबाई


पंचवटी
७ फेब्रुवारी

स्नेहल,

वाईट बातमी आहे आणि मला ती गोड करून सांगता येत नाही. रोपं गेली. पाच तारखेच्या सकाळी मनाली पाणी द्यायला गेली तर सगळ्या वेलांची पानं काळवंडून ओली लोळत पडलेली. टोमॅटोची शेंड्याची पानंही गेली. दुपारपर्यंत चारशेतली तीस-चाळीस उभी राहिली असतील.

थंडीमुळे झालं असेल असं तू म्हणशील, म्हणून आधीच लिहिते. त्या सकाळी माझ्या थर्मामीटरवर साडेआठ होते. मी स्वतः बघितलं. साडेआठला दव गोठत नाही, हे तुला मीच शिकवलंय. तेव्हा रोपंच कच्ची असली पाहिजेत. मंडळाच्या बैठकीत मला विचारलं गेलं आणि मला हेच सांगावं लागलं. उज्वला तुझ्याशी बोलेल. मला वाईट वाटतं, पण खरं ते खरं. पुढच्या खेपेला रोपं आणखी चार दिवस उन्हात ठेवत जा.

शैलाबाई


दिंडोरी
१२ फेब्रुवारी

आदरणीय बाई,

नमस्कार. तुमचं पत्र मी दोन दिवस उशाखाली ठेवलं आणि मग उत्तर लिहायला बसले.

उज्वलाताईंचा फोन आला होता. शाळांचं काम त्या दुसरीकडे देणार आहेत. त्या नीट बोलल्या, आवाज चढवला नाही. “बाईंनीच सांगितलं म्हटल्यावर आम्ही काय बोलणार,” एवढंच म्हणाल्या. त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं.

बाई, मी वाद घालत नाही. तुम्ही शिकवलं तसं फक्त विचारते. पानं सकाळी उकडलेल्या पालेभाजीसारखी दिसत होती का? आमच्याकडे पाच तारखेला पहाटे बागेच्या खालच्या अंगाला गवत पांढरं झालं होतं, आणि आबांनी द्राक्षांसाठी चार कोपऱ्यांत शेकोट्या करून धूर धरला होता. तुमच्याच रोपांबरोबरचे सहा ट्रे माझ्याकडे उरलेत. ते भिंतीला होते, त्यांच्यावर गोणपाट होतं. त्यातलं एकही रोप गेलेलं नाही.

तुमचा थर्मामीटर अजून जिन्याच्या खोलीच्या भिंतीलाच आहे का? मागे एका संक्रांतीला आम्ही तुमच्याकडे तिळगूळ घ्यायला आलो होतो तेव्हा तिथे होता. आणि चिठ्ठी वाचल्यावर बायका काय म्हणाल्या? पुढच्या वर्षी कोणाला रोपं द्यायची झाली तर तेवढं माहीत असावं, म्हणून विचारलं.

रोपं कच्ची होती हे तुम्ही बघूनच म्हटलं असणार. मग माझंच काहीतरी चुकलं असेल. मी शोधते आहे.

तुमची,
स्नेहल


पंचवटी
१६ मार्च

प्रिय स्नेहल,

तुझ्या पत्राला महिना उलटून गेला. महेश दर दोन दिवसांनी मार्केटला येतो, आणि मी दर दोन दिवसांनी त्याला सांगत आले की पत्र उद्या देते. गेल्या आठवड्यात मी त्याची गाडी लांबून बघितली आणि पलीकडच्या गल्लीतून घरी आले. सहासष्ट वर्षांची बाई टोमॅटोच्या गाडीला चुकवत होती.

तुझे प्रश्न वाचले आणि मला राग आला. राग अशासाठी, की त्यांची उत्तरं मला ठाऊक होती. पाच तारखेच्या सकाळी मी स्वतः जागेवर गेले होते. पानं अगदी तू म्हणतेस तशी होती. बांधाच्या सावलीत गवतावर पांढरं काहीतरी होतं, बोटाला गार लागलं आणि विरघळलं. ते काय होतं हे कळायला तीस वर्षं विज्ञान शिकवावं लागत नाही. मी पदराला बोट पुसलं, आणि संध्याकाळच्या बैठकीत सांगितलं की रोपं कच्ची होती.

तुझं पत्र आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी दोन थर्मामीटर घेतले. एक गच्चीवर ठेवला आणि दुसरा जागेवर वीतभर उंचीला काठीला बांधला. सलग सहा दिवस उजाडायच्या आत आम्ही दोघं रिक्षाने खाली जायचो. हे विजेरी धरायचे आणि मी आकडा लिहायचे. गच्चीवर बारा तर खाली सहा. गच्चीवर साडेदहा तर खाली साडेचार. सहा दिवसांत एकदाही फरक पाच अंशांच्या खाली आला नाही, आणि वारा पडलेल्या एका निवळ पहाटे तर तो नऊ होता. आमची गच्ची दिवसभर तापते, पाण्याची टाकी तापते, जिन्याची भिंत तापते, आणि ती ऊब पहाटेपर्यंत थर्मामीटरला मिळत राहते. बारा वर्षं मी गावच्या थंडीची म्हणून जी नोंद ठेवली, ती फक्त माझ्या भिंतीची होती. आबांनी हे ओट्यावर बसल्या बसल्या सांगितलं होतं.

रिक्षातून येताना हे एवढंच म्हणाले, “माझा मुहूर्त चुकला तर लोक आपल्या नशिबाला बोल लावतात. तू त्या पोरीला लावलास.” मी घरी येऊन चहा ठेवला. दूध उतू गेलं तरी मला कळलं नाही.

हे सगळं कळून मला तीन आठवडे होऊन गेले. तरीही मी गप्प होते. आता त्याहून वाईट ते लिहिते. तुझी चिठ्ठी मी कोणालाच दाखवली नाही. ट्रे उतरवताना ती पहिल्यांदा माझ्याच हाती लागली. मी ती वाचली, घडी घातली आणि चष्म्याच्या डबीत ठेवली. तारीख मी जाहीर केली होती, टाळ्या घेतल्या होत्या. आता एका शेतकऱ्याच्या चिठ्ठीवरून ती मागे घ्यायची, हे मला जमलं नाही. चिठ्ठी वाचून बायकांनी थांबायचं ठरवलं असतं, याची मला खात्री होती. म्हणूनच ती लपवली. रोज चष्मा काढताना ती दिसते. तुझं अक्षर अजून तसंच आहे.

तुझ्यात काही चुकलेलं नाही. शोधू नकोस. मला तुझी लाज वाटते, म्हणजे तुझ्यासमोर उभं राहायची लाज वाटते. हे तुला फोनवर सांगण्याची ताकद माझ्यात नव्हती, आणि माझ्या कानांनी मला चांगली सबब दिली.

उज्वलाला काय आणि कसं सांगू, ते सुचत नाही. तू सांगशील ते करीन.

शैला


दिंडोरी
१९ मार्च

आदरणीय बाई,

पत्र मिळालं. रोपं कच्ची नव्हती एवढं कळलं, मला पुरे आहे. महिनाभर मी वहीची पानं मागेपुढे करत होते, ते आता थांबेल.

उज्वलाताईंना काही सांगू नका. मंडळात तर नकोच. तिथल्या निम्म्या बायकांच्या मुली तुमच्या हाताखाली शिकल्या आहेत. तुम्हाला त्यांच्यापुढे मान खाली घालावी लागावी असं मला वाटत नाही. नेट उतरवायचं आमचं ठरलंच आहे, सोमवारपासून काढायला घेतील. द्राक्षात तोटा नाही, असं महेश म्हणतात. मीही आता फार बोलत नाही.

आबा तुमची चौकशी करत होते. मी त्यांना पत्रातलं काही सांगितलेलं नाही.

स्नेहल


पंचवटी
२४ मार्च

प्रिय स्नेहल,

तू ‘नको’ लिहिलंस. त्या दोन अक्षरांनी मला जेवढं झोडपलं तेवढं तू चार शिव्या दिल्या असत्यास तरी झोडपलं नसतं. तू माझी मान वाचवत होतीस, आणि त्यासाठी स्वतःचं नेट उतरवायला निघालीस. मी विद्यार्थ्यांना हे शिकवलेलं नाही. हे तुझं तूच कुठून तरी शिकलीस.

काल रविवारी मंडळाची बैठक होती. विषय होता, नवी रोपं कुठून आणायची. मी उभी राहिले. बसून सांगता आलं असतं, माझे गुडघे दुखतात हे सगळ्यांना माहीत आहे. पण तुला बसून सांगायची सवलत मी दिली नव्हती.

आधी चिठ्ठी वाचून दाखवली, दोन महिने उशिरा. आबांचे शब्द जसेच्या तसे वाचले. मग सहा दिवसांचे दोन्ही आकडे वाचले. पाच तारखेच्या सकाळी गवतावर काय बघितलं ते सांगितलं. शेवटी म्हटलं, “रोपं चांगली होती. तारीख मी जागा न बघता लिहिली, आणि जे बघितलं ते सांगितलं नाही.”

मला वाटलं होतं कोणीतरी म्हणेल, जाऊ द्या बाई, होतं असं. कोणी म्हटलं नाही, आणि ते बरोबरच होतं. मनालीने त्या काळ्या पडलेल्या ओळी एकटीने उपटल्या होत्या, ती माझ्याकडे बघतही नव्हती. उज्वलाने चिठ्ठी मागून घेतली, दोनदा वाचली आणि पर्समध्ये ठेवली. म्हणाली, “त्या मुलीचं काम मी काढून घेतलं, बाई.” मग उठून फोन करायला बाहेर गेली. तो तुलाच असावा.

चहाच्या वेळी बायका आपापल्या घोळक्यात गेल्या. माझ्या शेजारची खुर्ची रिकामीच राहिली. मी चहा घेतला, कप विसळला आणि घरी आले.

बारा वर्षांची वही महेशच्या हाती पाठवते आहे. पहिल्या पानावर मी लिहिलंय, ‘या नोंदी पंचवटीतल्या एका गच्चीच्या आहेत, इतर कुठल्याही जागेच्या नाहीत.’ थर्मामीटरही पाठवला आहे. तो आबांच्या खालच्या रानात लाव आणि तिथली वही तू सुरू कर. मला माफ कर असं मी लिहिणार नाही. ते लिहिलं की तुला ‘केलं’ म्हणावं लागेल, आणि तू म्हणशीलच.

सोमवार उजाडला आहे. पत्र पोचेपर्यंत तुमच्याकडे शिडी लागली असेल. जमलं तर थांबव.

शैला


दिंडोरी
२७ मार्च

आदरणीय बाई,

पत्र आलं तेव्हा अर्धं नेट उतरलं होतं. पत्र मी महेशना वाचायला दिलं. ते वाचून उठले आणि शिडी उचलून गोठ्यात ठेवून आले. उरलेलं अर्धं राहील. उतरलेल्या बाजूला द्राक्षाच्या काड्या लागणार, ते आता फिरणार नाही. उज्वलाताईंचा फोन रविवारी मला लागला नव्हता, काल लागला; त्यांचं काम परत आलं आहे, पण तीनच शाळांचं, बाकीच्यांनी दुसरीकडे सांगून टाकलंय. अर्ध्या नेटमध्ये तेवढंच मावेल.

आबांना मी सगळं सांगितलं. त्यांनी थर्मामीटर हातात घेऊन उलटासुलटा बघितला. मग म्हणाले, “बाईंची वही खोटी नाय. त्यांच्या भिताडापुरती खरी हाय.” काठी स्वतः पुरून आले.

त्या आठवीतल्या दिवसाचं मी तुम्हाला अर्धंच लिहिलं होतं. मी वर्गासमोर ते वाक्य म्हटलं आणि जागेवर येऊन बसले, तर शेजारची मैत्रीण उठून दुसऱ्या बाकावर गेली होती. मधल्या सुट्टीत सगळ्या मुली गोलात बसल्या, मला कोणी बोलावलं नाही. मी डबा न उघडता बसले होते. तेव्हा तुम्ही शिक्षकांच्या खोलीतून तुमचा डबा घेऊन आलात आणि माझ्या बाकावर बसलात. अर्धी पोळी माझ्या डब्यात ठेवलीत आणि माझी बाजरीची भाकरी मोडून घेतलीत. दुसऱ्या दिवशी मुली पुन्हा माझ्याशी बोलायला लागल्या.

तुमची पुढची बैठक रविवारी सहा तारखेला आहे, असं उज्वलाताई म्हणाल्या. महेशच्या गाडीतून येते. शेजारची खुर्ची कोणाला देऊ नका. भाकरी मी आणते, पोळी तुम्ही आणा.

तुमची,
स्नेहल